मेणवलीची घंटा आणि लिस्बनचे चढ: परदेशातली जुनी ठिकाणं पहिल्यांदा पाहायला निघालेल्यांसाठी

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की बहुतेक गाड्या पसरणी घाटाला लागतात. मेणवलीकडे वळणारे थोडेच. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर घाट आहे आणि घाटावरच्या एका देवळीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हे साल. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. त्यांतली ही एक.

साताऱ्यात शाळामास्तरीण म्हणून मी या घाटावर किती सहली नेल्या असतील त्याला हिशेब नाही. निवृत्तीनंतर मी आणि माझ्या मिरजेच्या धाकट्या जाऊबाई पहिल्यांदा परदेशी गेलो, ते या घंटेच्या मागे. आठ दिवस, एकच शहर, लिस्बन. "एवढे पैसे खर्चून एकच शहर?" हा प्रश्न घरीदारी सगळ्यांनी विचारला. आमच्या ओळखीचे एक काका दहा दिवसांत सात देश करून आले. आता कुठलं चर्च कुठल्या गावातलं हे त्यांना फोटोवरची तारीख पाहून सांगावं लागतं. आम्हाला ते नको होतं. पुढे जे लिहिलंय ते लिस्बनचं असलं, तरी क्रम तोच ठेवून कुठल्याही शहराला लावता येईल.

आधी धागा शोधा

ठिकाण ठरवताना "तिथे काय प्रसिद्ध आहे" हे नंतर बघा. आधी विचारा, माझ्या गावातलं काय तिकडे गेलंय, किंवा तिकडचं काय माझ्या गावात आलंय? सातारा-सांगलीकडच्या माणसाला उत्तरं शोधत फिरावं लागत नाही. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात वाघनखं आली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून. त्या म्युझियमला ती मिळाली ग्रँट डफच्या घराण्याकडून, आणि हा डफ १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. (अफजलखानाच्या भेटीतली वाघनखं तीच, अशी खात्री ते म्युझियम स्वतःही देत नाही. पण साताऱ्यातली वस्तू लंडनला कशी पोचली, ही गोष्ट तर खरी आहे ना? मग तेवढा धागा लंडनला पुरतो.) अपशिंग्यासारख्या गावात तर घरटी सैनिक. पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले आणि परत आले नाहीत, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधावं. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर कबर न मिळालेल्या चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्यात घरचं नाव सापडलं तर पॅरिसला जाऊन फक्त आयफेल टॉवर बघून कोण परत येईल?

आम्हाला पोर्तुगाल जवळचं वाटलं याला आणखी एक कारण होतं. ती भाषा आपल्या तोंडात आधीपासून आहे. बटाटा, साबण, चावी, बादली, लिलाव, पाव, कोबी, पगार, नाताळ हे सगळे शब्द पोर्तुगीजांचे. "पगार" म्हणजे त्यांच्याकडे "पैसे देणे", त्यामुळे दुकानात गल्ल्यापाशी ती पाटी वाचली की पहिले दोन दिवस हसू यायचं.

गावातच एक रंगीत तालीम

हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगते आणि कुणी करत नाही. निघायच्या महिनाभर आधी एक रविवार काढा आणि आपल्याच गावात परक्यासारखे फिरा. साताऱ्यात असाल तर अजिंक्यतारा, मिरजेत असाल तर सतारमेकर गल्ली. पहिली दहा मिनिटं फोन पिशवीत. समोरच्या वास्तूला तीन प्रश्न विचारा: हे कुणाच्या पैशाने उभं राहिलं? यात मोडलंय काय, आणि केव्हा? आणि आज इथे माणसं काय करतात?

रोज सकाळी किल्ला चढणाऱ्या मला वाटायचं, अजिंक्यतारा आपल्याला पाठ आहे. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, १७०० मध्ये औरंगजेबाने घेतला, १७०८ मध्ये शाहू महाराजांचा इथे राज्याभिषेक झाला, हे मी मुलांकडून घोकून घेतलं होतं. पण तिसरा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. त्या रविवारी तासभर नुसती बसले. मंगळाईच्या देवळात ओटी भरायला आलेल्या बायका, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं, टॉवरखाली रील काढणारं नवं जोडपं. परदेशातला किल्ला बघताना मला नेमकी हीच नजर उपयोगी पडली, सनावळ्या नाहीत.

कागदपत्रं

इथे रमण्यासारखं काही नाही, भराभर सांगते. पासपोर्टचा अर्ज पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर करायचा, ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. पोलीस पडताळणीला घरी असा. पोर्तुगाल शेंगेन करारात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणून व्हिसा शेंगेनचा. त्यासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी करायचा असं नियम म्हणतो, पण तुम्ही दोन-अडीच महिने आधीच करा, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. मोठ्या माणसाची फी ९० युरो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे, आणि आमच्या वयाला तर तो सक्तीचा नसता तरी घेतला असता. बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, आयकराची विवरणपत्रं, राहण्याच्या बुकिंगची पत्रं. निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद जोडा.

खोटी बुकिंग जोडून काम भागतं असं सांगणारे दलाल भेटतील. आम्हालाही एक भेटला. नको म्हटलं.

दिवस आखताना

एका दिवसात एक मोठं ठिकाण आणि त्याच्या आजूबाजूची एक वस्ती. त्यापलीकडे काही लिहू नका. आमच्या वहीत प्रत्येक पानावर सकाळची एक ओळ होती आणि दुपारनंतरचा कागद मोकळा.

बंद असण्याचा वार आधी बघा. ही चूक आम्ही केली. लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. आम्ही सोमवारीच ट्रामने बेलेंला पोचलो आणि दारावरची पाटी वाचत उभ्या राहिलो. युरोपात बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण सगळी नाही; लिस्बनचा किल्ला उघडा असतो. शिवाय जुन्या वास्तू डागडुजीसाठी महिनोन्‌महिने बंद ठेवतात. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या वास्तूच्या अधिकृत संकेतस्थळावर सूचना वाचायची. तिकीटही तिथूनच काढायचं, मधल्या विक्रेत्याकडून नाही. वेळ सकाळची पहिली घ्या. अकरा वाजले की बसभरून माणसं उतरतात, मग कमानी दिसत नाहीत, टोप्या दिसतात.

पिशवीत काय, आणि काय नाही

कंदी पेढे घरीच ठेवा. हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यात आपले पेढे, खवा, तूप सगळं आलं. सांगलीचं भडंग मात्र चालतं. जाऊबाईंनी दोन किलो आणलं होतं आणि परतीच्या दिवशी एक मूठ उरलं नव्हतं.

बूट जुने, पायाला सरावलेले आणि रबरी तळव्याचे हवेत. लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणवतं. साताऱ्याचं नावही सात डोंगरांवरून आलं असं आपण सांगतोच. चढाचं आम्हाला काही वाटलं नाही. पण तिथले फूटपाथ चुनखडीच्या बारीक काळ्या-पांढऱ्या चिऱ्यांचे असतात, माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. एक सर आली की त्यावरून उतरणं म्हणजे शेवाळलेल्या घाटावरून उतरणं. आणि एक गळ्यातलं कापडी पाकीट, साडीच्या किंवा कुर्त्याच्या आत जाणारं. त्याचं काम पुढे आहे.

पहिला दिवस वाया घालवा

मुंबईहून गल्फमध्ये विमान बदलून पोचायला अख्खा दिवस जातो. आपलं घड्याळ त्यांच्यापुढे उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच. त्या दिवशी तिकिटाची कुठलीही वास्तू पाहू नका, डोक्यात काही शिरत नाही. जवळच्या एखाद्या उंच कठड्यावर जा. लिस्बनमध्ये अशा जागांना "मिराडोरो" म्हणतात, शहरभर आहेत आणि फुकट आहेत. तिथून नदी कुठल्या बाजूला, किल्ला कुठल्या बाजूला, एवढं बघून घ्या. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या 'चार भिंती' या जागी बसून आपण साताऱ्याची पेठ न्‌ पेठ ओळखतो, तसं. एकदा डोळ्यांत दिशा बसल्या की पुढचे सात दिवस फोनचा नकाशा निम्म्याने कमी लागतो.

मठापाशी: वास्तू वाचायची कशी

जेरोनिमोसचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलने काढलं. आता पहिला प्रश्न: पैसे कुणाचे? उत्तर दर्यावरच्या व्यापाराचे. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर राजाने जो कर लावला, त्यातून हा मठ उभा राहिला. म्हणजे पूर्वेकडून गलबतांतून आलेला माल इथे दगड झाला. हे कळल्यावर भिंतीकडे बघा. खांबांवर जहाजाचे दोरखंड कोरलेत, गाठींसकट. समुद्रातली झाडं, खलाशी आकाश मोजायला वापरत तसले गोल. आपल्याकडे देवळाच्या खांबावर वेलबुट्टी असते, तशी यांची वेलबुट्टी दर्यावरची.

चर्चमध्ये शिरताच एका हाताला वास्को द गामाचं थडगं आहे आणि दुसऱ्या हाताला कवी कामोइंश याचं. गामा मेला तो १५२४ मध्ये कोचीनला. आधी तिथेच पुरला होता, मग अवशेष पोर्तुगालला नेले. पुढे वेदीच्या बाजूला राजांची थडगी आहेत, ती संगमरवरी हत्तींच्या पाठीवर. हत्ती! दोघीही त्यांच्यासमोर बराच वेळ उभ्या होतो. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, कोरणाऱ्यानं हत्ती नीट बघितलेला दिसत नाही, तोंड बघा की." मला ते पटलं, तुम्हीही बघून ठरवा.

चर्च आणि त्यामागचा चौसोपी मठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठी रांग असते ती मठाची, आणि त्याला तिकीट लागतं. प्रार्थना चालू असेल तर हिंडणं थांबवा, मागच्या बाकावर बसून घ्या. खांदे झाकलेले असावेत. ओढणी किंवा पदर असल्याने आपल्या बायकांना हा प्रश्नच येत नाही.

मठापासून नदीकाठाने चालत गेलं की बेलेंचा बुरूज लागतो. त्याच्या एका बुरजीखाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, पार झिजलेलं. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनच्या बंदरात उतरला होता. युरोपने कित्येक शतकांत गेंडा पाहिला नव्हता. त्याची बातमी आणि एक रेखाटन जर्मनीत पोचलं आणि तिथल्या ड्यूरर या चित्रकाराने गेंडा न पाहताच त्याचं ते प्रसिद्ध लाकडी ठशाचं चित्र केलं. हे डोकं शोधायला आम्हाला वीस मिनिटं लागली. सोबत दुर्बीण असेल तर न्या. भारतातून गेलेलं असं कुठे काय चिकटलेलं दिसेल, याचा शोध घेत फिरणं हा आमचा आठ दिवसांचा खेळच झाला.

दुसऱ्याचा पराक्रम बघताना

बेलेंलाच नदीवर ५२ मीटर उंचीचं एक दगडी स्मारक आहे, गलबताच्या आकाराचं. त्यावर दर्यावर्दी रांगेने उभे आहेत, गामा त्यात आहेच. आजचं दगडी स्मारक १९६० चं, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं. लोक खाली उभे राहून हसतमुखाने फोटो काढतात. मला तिथे काही केल्या हसू येईना. याच गामाने १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं. आणि स्मारक उभं राहिलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा सुटला.

अशा ठिकाणी नवख्या माणसाने काय करावं? तोंड फिरवू नये असं माझं मत. तिथल्या पाट्यांवर काय लिहिलंय आणि काय गाळलंय हे वाचा. वाद घालायला जाऊ नका, विचारा. किल्ल्याजवळच्या एका कॅफेत एका पोर्तुगीज आजोबांनी आम्हाला विचारलं, "गोव्याच्या का?" मी सांगितलं, नाही, पण आमच्या गावाजवळ तुमच्या चर्चची घंटा आहे. फोनवर मेणवलीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून साल वाचलं, मेरीवर बोट ठेवलं, आणि विचारलं, "अजून वाजते?" मी म्हटलं, वाजते की. मग त्यांनी आमच्या कॉफीचे पैसे देऊ केले आणि आम्ही ते घेतले नाहीत, त्यावरून थोडी ओढाताण झाली. आपल्या गावाचे चार-पाच फोटो फोनमध्ये ठेवाच. भाषा नसली तरी बोलणं सुरू होतं.

किल्ला आणि दारात अडकलेला वीर

सांव जोर्ज किल्ला ११४७ मध्ये अफोन्सो हेन्रिक्स राजाने मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून घेतला. दंतकथा अशी, की मार्तिं मोनिझ नावाच्या सरदाराने किल्ल्याचं मिटत चाललेलं दार पाहून स्वतःचं शरीर फटीत घातलं. दार मिटलं नाही, तो गेला, मागची फौज आत शिरली. आपल्याला बाजीप्रभू आठवतात ते साहजिक आहे. इतिहासकार या कथेला पुरावा मागतात. गावाला त्याचं काही नाही, चौकाला आणि मेट्रो स्टेशनला नाव त्याचंच. किल्ल्यात आज मोर हिंडतात आणि पर्यटकांच्या हातचं पळवतात. तटावरून चाला, जिने उंच आणि कठडे ठेंगणे आहेत, गुडघे सांभाळा.

तिथून खाली उतरून मार्तिं मोनिझच्या चौकात या. आजूबाजूच्या गल्ल्यांत बांगलादेशी, नेपाळी, भारतीय, पाकिस्तानी दुकानं आहेत. चौथ्या दिवशी वरणभाताची आठवण आली की इथेच या. आणि "परदेशात येऊन भारतीय जेवण कसलं?" असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आजचं लिस्बन या गल्लीतही राहतंच.

छप्पर नसलेलं चर्च

दुसरा प्रश्न, मोडलं काय आणि केव्हा, याचं लिस्बनमध्ये एकच उत्तर पुन्हा पुन्हा येतं: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, मग नदीतून समुद्राची लाट आत आली, मग कित्येक दिवस आग चालली. कार्मो मठाचं छप्पर तेव्हा पडलं. आज तिथे नुसत्या कमानी आहेत आणि वर आभाळ. आतल्या भागात पुरातत्त्व संग्रहालय आहे.

साताऱ्याच्या माणसाला हे परकं वाटत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, भांडी कशी वाजली, थंडीत सगळे अंगणात कसे बसून राहिले. कार्मोच्या कमानीखाली मी तेच सांगत होते. त्यानंतरचं काम बघायचं असेल तर खालच्या बायशा भागात फिरा. पोंबाल नावाच्या मंत्र्याने सगळं साफ करून सरळ काटकोनी रस्ते आखले आणि घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घालायला लावला, हादरा बसला तर भिंत कोसळली तरी सांगाडा तग धरावा म्हणून. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून चाचणी घेतली असं सांगतात.

ताटात काय येतं

हॉटेलात बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, कधी लोणी समोर येतं. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणाला राग येत नाही. आमच्या पहिल्या बिलात हे पाहून जाऊबाई चमकल्या, दुसऱ्या दिवसापासून त्या पावाकडे बघेनाशा झाल्या.

शाकाहाऱ्यांनी "शाकाहारी" एवढ्यावर थांबू नये. "सें कार्न, सें पैश" म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही सांगा. हिरव्या भाजीच्या काल्दु वेर्द सूपमध्ये सॉसेजची चकती घालायची पद्धत आहे. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. खारवलेल्या कॉडचे प्रकार मोजून संपत नाहीत. अंडं चालत असेल तर पास्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी पेस्ट्री, चुकवू नका. मठात कपड्यांना खळ देण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक जाई, उरलेल्या पिवळ्याचं गोड होई, असं सांगतात. मठ १८३४ मध्ये बंद झाले, आणि बेलेंचं प्रसिद्ध दुकान १८३७ पासून चालू आहे. वर दालचिनी भुरभुरायला विसरू नका. आणि चहा हवा तर "शा" मागा. चहा आणि शा, शब्दाचं मूळ एकच.

आभार मानताना पुरुषाने "ओब्रिगादु" म्हणायचं, बाईने "ओब्रिगादा". इंग्रजी बोलणाऱ्यांचा इथे गोंधळ उडतो. "आलो" आणि "आले" वेगळं म्हणणाऱ्या आपल्याला त्यात काही अवघड नाही. दुकानात शिरताना आधी "बों दिया", मग विचारणा. एवढं केलंत तरी माणसं बदलतात.

फादो ऐकताना

अल्फामा म्हणजे भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेली जुनी वस्ती, बोळ इतके अरुंद की समोरच्या खिडकीतून साखर मागावी. फादोचं गाणं इथलं. युनेस्कोने २०११ मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आधी दुपारी फादो संग्रहालय बघा, मग रात्री गाणं ऐका, हा क्रम उलटा करू नका. गाणं सुरू झालं की दिवे मंदावतात आणि बोलणं, चमचे, सगळं थांबतं. वाढपीसुद्धा ताट हातात धरून उभा राहतो. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे बसलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मोबाइल बाहेर काढू नका.

शब्द कळत नाहीत, मग ऐकायचं काय? वाद्याकडे बघा. पोर्तुगीज गिटार पोटाने गोल, तारा बारा, दोन-दोनच्या सहा जोड्या. जाऊबाईंचं माहेर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी, लहानपणापासून भोपळे वाळताना बघितलेले. त्यांनी गाण्याच्या मध्यंतरात वादकाला खुणेने विचारलं, हे पोट कशाचं? त्याने लाकूड ठोकून दाखवलं. यांनी फोनवर सतारीचा भोपळा दाखवला. तो माणूस पुढचं गाणं दोन मिनिटं विसरला होता.

जूनमध्ये गेलात तर १२ तारखेची रात्र राखून ठेवा. संत अंतोनीचा सण, गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, आणि कुंडीतलं मांजेरिकु विकायला येतं, आपल्या तुळशीच्या जातकुळीतलं झुडूप, त्यात प्रेमाच्या चार ओळी खोचलेल्या. त्याला नाक लावून वास घेत नाहीत. तळहात फिरवायचा आणि मग हात हुंगायचा.

सांभाळायचं काय

२८ नंबरची पिवळी ट्राम फार सुंदर आहे आणि खिसेकापूंनाही तीच आवडते. भर दुपारी तिच्यात घुसू नका, सकाळी लवकर पहिल्या थांब्यावरून बसा. पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात, त्याची प्रत खोलीवर, फोटो मेलवर. कुणाच्या दारातल्या वाळत घातलेल्या कपड्यांचा, खिडकीतल्या आजीचा फोटो घेण्याआधी विचारा. आपल्या वाड्यात कुणी न विचारता कॅमेरा घेऊन शिरलं तर आपण काय म्हणतो ते आठवा.

काय आणावं

लिस्बनच्या भिंतींवरच्या निळ्या फरशा पाहून प्रत्येकाला एक तरी घरी न्यावीशी वाटते. मंगळवारी आणि शनिवारी फेइरा द लाद्रा नावाचा जुना बाजार भरतो, तिथे जुन्या फरशा सुट्या मांडलेल्या असतात. त्या घेऊ नका. जुन्या घरांच्या भिंतींवरून फरशा उचकटून विकण्याचा धंदा तिथे मोठा आहे, आणि आपण घेतली की पुढची भिंत उघडी पडते. वाईतल्या पडक्या वाड्यांच्या कोरीव तुळया कुठे जातात हे आपण बघतोच. त्यापेक्षा आज काम करणाऱ्या कारागिराकडून नवी घ्या. ती कशी रंगवतात हे तो दाखवतो, आणि बिलही देतो.

मी एक घेतली, निळ्या गलबताची. साताऱ्यात ओट्यावर आहे. जाऊबाई आल्या की तिच्यावर चहाचं आधण उतरवून ठेवतात, आणि मी दर वेळी म्हणते, अगं तडा जाईल.